सून जेवल्याशिवाय

पुणे, ४ फेब्रुवारी १९८६

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीत तुझं बोलणं टेप केलं होतं ना, त्यातलं एक वाक्य आमच्या भाषाशास्त्र विभागाच्या पुस्तिकेत छापलंय. क्रियापदापासून त्याच्या आधाराने उभ्या असलेल्या शब्दांकडे बाण काढायचे आणि प्रत्येक बाणावर नात्याची खूण लिहायची, अशी ही वाक्याचं चित्र काढायची पद्धत. तुझं वाक्य सरांना फार आवडलं. खाली तुझं नावही आहे. प्रत जयवंतमामाला पाठवलीय, छपाई बारीक आहे, तो वाचून दाखवील.

तुझी नात,
माणिक

भांडुप, ता. १५

चि. माणिक हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

पुस्तक पोचलं. मामाने मोठ्याने वाचलं, तुझी शुभामामी तिथेच भाजी निवडत होती. "सून जेवल्याशिवाय मला भात मिळत नाही." खाली जानकी, भांडुप. पेडव्याच्या मासळीला काटे नसतील एवढे बाण.

मामाने पुस्तक मिटलं. शुभा म्हणाली, वाचा ना पुढे, आईंचं नाव छापून आलंय.

आता ती मला पहिली वाढते. विमलाबाईंना शेजारून बोलावते आणि दोघी उभ्या राहून माझं जेवण बघतात. त्यापेक्षा उपास बरा.

ते वाक्य तू मला पुन्हा पुन्हा बोलायला लावलंस गो. मला वाटलं, पोरीला लागलं, मामाला जाब विचारील. तू म्हणालीस, थांब आजी, पंख्याचा आवाज येतोय. आणि पंखा बंद केलास.

आजी

पुणे, २२ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

माझं चुकलं. डोक्यात नुसते बाण होते. मामाला लिहू का? इथे येतेस? हॉस्टेलवर पाहुणे ठेवू देत नाहीत, पण बघते काहीतरी.

माणिक

भांडुप, १० मार्च

चि. माणिक हिस आशीर्वाद.

बघू नकोस. मामालाही लिहू नकोस. आता घरात कुणी माझ्यासमोर बोलत नाही, तू छापशील म्हणून.

शिमग्याला मामा मला गावी सोडतो. घर बंद, निम्मी कौलं उडालेली. परतीचं तिकीट विचारलं तर म्हणाला, बघू.

विमलाबाई विचारतील तेव्हा शुभा सांगेल, "आई गावाला गेल्या." हे घाल तुझ्या चित्रात. मला बाण मिळेल, गावालाही मिळेल. पाठवणारा त्यात कुठेच नाही. त्याच्यापर्यंत बाण कसा काढायचा, ते सरांना विचार. मला कळवायची गरज नाही.

लोभ आहे तेवढा पुरे.

तुझी आजी,
जानकी