नालीतला चाहा

घनसावंगी
डिसेंबर १९९३

तीर्थस्वरूप पुंजाराममामांस, भाची कौसल्येचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामीनं एरंडाची पानं बांधायला सांगितली होती, ती बांधता की स्टेशनसमोर गप्पा मारत उभेच राहता? (आई म्हणते, माझ्या भावाचा गुडघा चांगलाच आहे, पण जीभ बसू देत नाही. हे तिचं वाक्य आहे, माझं नाही.) इकडं सगळे खुशाल. बापूंचा खोकला गेला आणि राग आला. तो कशानं आला हे कळवायलाच बसले आहे. मला स्वतःला या प्रकरणात काडीचं सुखदुःख नाही. आईच्या माहेरच्या माणसाला घरची बातमी माहीत असावी, एवढ्यापुरतंच लिहिते.

तर मागच्या रविवारी कडूबाभाऊ (हे जांबकडचे. सोयरिकी जुळवतात आणि मोडल्या तर पत्रिकेवर ढकलतात) तुमच्याच बदनापूरचं स्थळ घेऊन आले. मुलगा साहेबराव. नाव साहेबराव असलं तरी साहेब नाही, तिथल्या कृषी केंद्रात तुरीच्या प्लॉटवर देखरेखीला आहे. आईवडील लहानपणीच गेले, आत्यानं वाढवलं. त्या दुर्गाबाई आत्याही आल्या होत्या. जीपमध्ये माणसं इतकी कोंबली होती की खाली उतरल्यावरही त्या थोडा वेळ तिरप्याच उभ्या होत्या. आधीची स्थळं तुम्हाला माहीत आहेतच. कुणाला पोरगी पटते आणि नोकरी खुपते, कुणाला नोकरी पटते आणि पोरगी खुपते. त्यामुळं मी काही आशा न धरता निळं लुगडं नेसले. (आई हिरवं म्हणत होती. त्यावरून सकाळीच एक लढाई झाली, ती वेगळी लिहीन.)

आईनं सायीचं दूध, आलं, वेलदोडा असं सगळं घालून चहा केला. चौथीच्या वर्गावर ओरडून ज्या मानेच्या शिरा फुगतात, तीच मान खाली घालून मी तबक घेऊन ओसरीत गेले. साहेबरावांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि माझ्याकडं न बघता मागच्या उघड्या दारातून बाहेर बघत राहिले. आपल्या घराच्या आणि उसाच्या मधे कालव्याचं पाणी पाझरून नाली झालेली आहे, ती तिथून दिसते. एकदम त्यांचा चेहरा उजळला आणि ते बापूंना म्हणाले,

“काका, तुमच्या नालीत चाहा हाये!”

बापूंचा कप ओठाशी थांबला.

“काय म्हणलात?”

“लई चांगला चाहा हाये. अन् गाळ बी बराबर. चाह्याला असाच गाळ लागतो.”

मामा, आईनं दाराआडून हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. बापू मला म्हणाले, “कौसे, पाव्हण्याचा कप उचल. आपला चहा नालीतला हाये म्हणं.” माणूस बिचारा हात हलवून “न्हाई, तो चाहा न्हाई, त्यो तिकडला चाहा” असं सांगायला लागला आणि जितकं सांगेल तितकं जास्त बुडायला लागला. कडूबाभाऊ छताकडं बघत होते.

मी दारातून पाहिलं तर गाळात लांब चोच खुपसून पाखरू बसलेलं. आपण ज्याला पाणलावा म्हणतो तेच. त्यांचा चाहा म्हणजे हाच, हे माझ्या एकदम लक्षात आलं आणि मान खाली घालायचं विसरून मी वर्गातल्या आवाजात म्हणाले, “अहो बापू, पाणलावा! पाणलावा!”

आता आपल्या भागात ण आणि न एकाच ताटात जेवतात. (मी पोरांना वर्षभर बाण, कान घोकून घेते, ती बान आणि काण म्हणून परत देतात.) दुर्गाबाईंनी ऐकलं, “पान लावा.” आईनंही तेच ऐकलं आणि ती पानाचा डबा आणायला धावली. ती डबा घेऊन येते तोवर दुर्गाबाई पदर सावरून भिंतीपर्यंत सरकल्या होत्या. “आजून हळद लागली न्हाई, अन् पोरगी बापाला पान लावाया सांगती! आमच्या थोरल्या जावंनं तंबाखूच्या पानापायी घराच्या भिंती रंगवल्या, आता ही दुसरी नको.” बापूंच्या हातात डबा, आईच्या हातात सुपारी.

हसले फक्त साहेबराव. “पाणलावा म्हणता व्हय तुम्ही ह्याला?” असं म्हणून ते उठून सरळ मागच्या दारानं बाहेर गेले. मी का गेले ते मला सांगता येणार नाही, पण मीही गेले. एकटी पोरगी परक्या माणसाबरोबर नको म्हणून कडूबाभाऊ मागून निघाले आणि तिसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत गाळात रुतले. त्या आवाजानं पाखरू चरचरत उठलं आणि वाकडंतिकडं उडत उसावरून गेलं.

साहेबराव सांगत होते, त्यांचे आजे निजामाच्या राज्यात कुणा जहागीरदाराच्या शिकारीला बरोबर जायचे. तिथं याला चाहा म्हणत, घरात तेच नाव आलं. “आजे म्हणायचे, चाहा म्हंजी ज्याची चाहत हाये तो. दिसावा म्हणून बसलं तर दिसत न्हाई, अन् उठून निघालं की पायातून उडतो.” मी म्हणाले, आमचा पाणलावा म्हणजे पाण्यातला लावा पक्षी. त्यांनी तो शब्द दोनदा हळू म्हणून बघितला. “लावा कोरड्यात, हा वल्यात. हे नाव ज्यादा बराबर हाये,” म्हणाले. बघायला आलेल्या माणसानं माझं काही बरोबर आहे असं म्हणायची ही पहिलीच वेळ.

तेवढ्यात बाभळीच्या बुंध्याशी दुसऱ्या पाखरांची एक जोडी दिसली. एक तांबड्या मानेचं, डोळ्याभोवती पांढरी कड असलेलं देखणं पाखरू, आणि एक मातकट, त्याच्या पायाशी पिलं. मी म्हणाले, देखणा तो नर असेल. “न्हाई, ती बाई हाये. हा राजचाहा. ह्याच्यात गडी अंडे उबवतो, पिलं बी तोच सांभाळतो.”

“मंग बाई काय करती?”

“जाती तिच्या कामाला,” ते म्हणाले आणि पुढं त्याच सुरात, “तुमची शाळा किती वाजता भरती?”

मामा, माझा पगार आजवर सगळ्यांनी विचारला. शाळा किती वाजता भरते, हे कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही कडूबाभाऊंना ओढून काढलं. (एक बूट अजून गाळात आहे.) ओसरीत आलो तोवर सगळं संपलेलं होतं. दुर्गाबाई जीपची वाट बघत रस्त्यावर उभ्या आणि बापू डब्याला कडी लावत बसलेले. चार दिवसांनी कडूबाभाऊ दोन्हीकडचा नकार सांगून गेले. मुलाला कुणी विचारलं नाही, मला तर नाहीच. मी बापूंना पाखराचं सांगून बघितलं. ते म्हणाले, “पोरगं पाखरू पाह्याला आल्तं का पोरगी?” आता परतूरचं स्थळ यायचंय. माणसं चांगली आहेत म्हणतात. लग्नानंतर नोकरी सोडायची, एवढीच अट. बापू हो म्हणायच्या बेतात आहेत. असो, चालायचंच.

मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

वर्गात आवाज असलेली आणि घरात नसलेली,
आपली कौसल्या

ता. क. मामींनी मागितलेले लोकरीचे नमुने सोबत आहेत. शेंदरी घेऊ नका.

ता. क. २. कृषी केंद्र तुमच्या घरापासून लांब नाही. सहज गेल्यासारखं जा. दुर्गाबाईंना सांगा की मी पान खात नाही, सुपारीसुद्धा नाही. आणि त्यांना सांगा (दुर्गाबाईंना नाही, त्यांना) की शाळा अकराला भरते. परतूरकर यायच्या आत जा. मामा, पाया पडते.

पुंजारामा, मी भुजंग, कौसीचा बाप लिहितो. पाकीट टपालात टाकाया कौसीनं माझ्याजवळ दिलं. नीट चिकटलेलं नव्हतं. म्हंजी वाफेवर धरल्यावर नव्हतं. परतूरकरायला आजच न्हाई म्हणून निरोप धाडला. तू त्या पोराला अन् त्याच्या आत्याला रविवारी घिऊन ये, आत्याबाईशी मी बोलतो. सगळं तुझ्या मनानं केलं म्हण. मी वाचलं हे पोरीला बिलकुल कळू देऊ नको. न्हाईतर पुढच्या टायमाला पाकीट दुसऱ्याजवळ देईल, अन् मंग तिच्या मनात काय हाये ते मला कळायचं कसं?