बायकांची चढण

वायोमिंग, गुरुवार

लेलँड,

‘प्रिय’ राग उतरल्यावर लिहीन. आम्ही सुखरूप आहोत. धाकट्या ऑर्सनच्या उलट्या थांबल्या, एलायझाचा दात पडला. करून ठेवलेलं जेवण खातोयस ना?

सहलीचा बेत तुझा, नकाशावरच्या लाल खुणा तुझ्या. आणि निघायच्या दिवशी सकाळी म्हणतोस, “मी पडलो आपल्या चर्चचा बिशप, मला सुट्टी नसते, जनील. तू हो पुढे.” तीन पोरं आणि गाडी टाकलीस माझ्या गळ्यात!

आज इथे, पश्चिमेकडे चालत आलेल्या आपल्या मॉर्मन पूर्वजांसारखी, सामानाची हातगाडी ओढायची होती. चढणीपाशी वाटाड्या आजोबांनी सगळ्या पुरुषांना बाजूला काढलं. म्हणाले, “त्या काळी कित्येक बायकांनी नवऱ्याशिवाय गाडी ओढली. आज तुम्हीही एकट्या ओढून बघा.” पुरुष दोन्ही बाजूंना बायकांच्या मानासाठी टोप्या काढून उभे राहिले. बायका रडत होत्या, बघणारे नवरेही डोळे पुसत होते. मला मेलं रडूच येईना. तीन दिवस मी दुसरं काय करतेय?

तेवढ्यात एलायझा सगळ्यांदेखत ओरडली, “आई, आपले बाबा कुठे उभे आहेत?”

“मीटिंगमध्ये,” मी म्हटलं. लोक हसले. मी नाही हसले.

रविवारी आम्ही नॉवूला, आपल्या पूर्वजांच्या जुन्या गावी, पोचू. तुझी सगळ्यात मोठी लाल खूण तिथेच आहे. विमानाने ये, बसने ये, कसाही ये. आणि टोपी घालून ये. आम्ही दिसलो की काढायला हवी.

अजून तरी तुझीच,
जनील