वन्संच्या फोनवरचे सहा आकडे

तीर्थस्वरूप वन्संना सादर नमस्कार.

गुडघा कसा आहे? नव्या गोळ्यांनी पित्त होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, उगीच सोसू नका. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून.

विषय गाडीचा. हे गेले आणि ह्यांची विजेवरची गाडी माझ्या गळ्यात पडली. ह्यांचा नंबर बंद केला तेव्हा चार्जिंगच्या अ‍ॅपने घरातला दुसरा नंबर मागितला, आणि त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नसल्याने मी तुमचा दिला (स्वतःचा पाठ नव्हता). तेव्हापासून मी कुठेही गाडी चार्जिंगला लावली की सहा आकडी कोड तुमच्याकडे येतो, जागेच्या पत्त्यासकट! आणि कुठे चाललीस, कोणाबरोबर, जेवलीस का, हे सगळं ऐकल्याशिवाय तुम्ही एक आकडा सोडत नाही. बँकवालेसुद्धा इतकी चौकशी करत नाहीत.

गेल्या महिन्यातल्या त्या मंगळवारी तर कहरच झाला. चष्म्याशिवाय वाचलेले तुमचे तिन्ही कोड चुकले, मशीन रुसलं आणि वायर गाडीतच अडकली. मी दावणीला बांधल्यासारखी उभी, मागे पाच गाड्या. मग मशीनने खात्री करायला ह्यांचं लहानपणीचं लाडकं नाव विचारलं. मला ते माहीतच नव्हतं. (बत्तीस वर्षं संसार करून माणूस हे लपवून गेला.) तुम्ही स्पीकरवर ओरडलात, "ढब्बू! अगं, ढब्बू लिही!" वायर सुटली. मागच्या टॅक्सीवाल्याने टाळ्या वाजवल्या. गुप्त उत्तर म्हणे! सबंध रांगेला पाठ झालंय, आणि मी आता तिथली 'ढब्बूकाकू' आहे.

म्हणून चाळीस पानी माहितीपुस्तिका दोनदा वाचून काढली (शब्दकोश शेजारी घेऊन) आणि एक कार्ड मागवलं. ते मशीनला टेकवायचं, बस्स. कोड नाही, कोणाला निरोप नाही. मी कुठे गेले ते मला आणि गाडीला ठाऊक. राग मानू नका, वन्सं. एकट्या बाईलाही थोडा आडोसा लागतो.

तुमची,
एकदाची वाक्यं पुरी केलेली भावजय

ता. क. कार्ड तीनदा वापरलं. झकास चालतं. कोणी काही विचारत नाही. जेवलीस का, हेही नाही.

आणखी एक ता. क. कार्ड पिठाच्या डब्याखाली ठेवून दिलंय. गुरुवारी चार वाजता वाचनालयामागच्या मशीनवर असेन. चष्मा लावून बसा. आणि ह्यांना ढब्बू का म्हणायचे, तेही सांगा. चार्जिंगला चांगला पाऊण तास लागतो.