महिपतचा फोन तिसऱ्या गटात

गुहागर, शिमग्याच्या तोंडावर

चि. विनीतला आप्पाकाकाचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत (काकीचा खोकला सोडून, तो औषधाच्या ऐकण्यात नाही). तुझ्या पाठीचं कसं काय? खुर्चीतून अधूनमधून उठत जा.

पत्राचं कारण देवळाची वेबसाइट. पालखी कोणाच्या घरी कधी येणार ते चाकरमान्यांना आधी कळावं म्हणून तू ती करतोयस, यावर गाव खूश होतं. होतं म्हणतो, कारण तू सांगितलंस तसे मी वाडीतले फोन आणि त्यांतले ब्राउझर बघून तीन गट पाडले. पहिल्यात सगळं नीट दिसेल असे नवे, दुसऱ्यात फोटो अडकले तरी काम भागेल असे, तिसऱ्यात तू ज्यांची हमी घेत नाहीस असे जुने. इथवर ठीक. पण ते मी देवळातल्या बैठकीत वाचून दाखवले, आणि आपल्याकडे देवळात पहिला-दुसरा म्हटलं की तो मान असतो.

पालखीचा पहिला मान महिपतच्या घराला, आणि त्याचा फोन (काच तडकलेली, वरून रबर लावलेलं) तिसऱ्यात. कालपरवा लग्न होऊन आलेली लवूची सून सानवी मात्र पहिल्यात. महिपत उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "आमच्या घराचा पयला मान हाय. तिसऱ्या गटात बसून मी पालखीला खांदा देनार नाय." पुढचा खांदा त्याचाच, म्हणजे यंदा पालखी देवळातच राहणार. मी ब्राउझर समजावायला गेलो, तर दुसरा गटही रुसला. शेवटी ठरलं ते असं, की क्रम उलटा करायचा. सगळ्यात जुना फोन पहिला. आधी त्यावर उघडेल असं साधं पान कर, नुसती नावं आणि वेळा. मग नव्या फोनवाल्यांना फोटो, ढोल, काय हवं ते दे. सानवी (ती तुझ्याच धंद्यातली) म्हणते, असंच करायला हवं होतं. महिपत आता तयार आहे. एवढं कर.

तुझा,
आप्पाकाका

ता. क. पाकीट चिकटवताना कळलं, महिपतने रागाच्या भरात बोटीवरच्या मुलाकडून नवा फोन मागवलाय. आता त्याला तुझेच गट बरोबर वाटतात. त्याचं ऐकू नकोस. जुन्या फोनवाला मी एकटाच उरलोय.

पुन्हा ता. क. तसं मला ते पान लागत नाही, पालखी वळणावर आली की ढोल ऐकू येतो. पण ती आपल्या अंगणात नाचते तेव्हा तुझ्या जागी लवू खांदा देतो. भला माणूस आहे, तरी मला ते बघवत नाही. गट कसेही पाड. यंदा तू ये.