मेइलिंगच्या गावचे बुद्ध

सीब, मस्कत

प्रिय आई,
येशूची कृपा तुझ्यावर राहो. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

माझ्या खोलीत राहणारी मेइलिंग चीनमधल्या दातोंगची. तिथे आपल्या कान्हेरीसारख्या लेण्यांत डोंगरात कोरलेले प्रचंड बुद्ध आहेत. तिची आई सणावाराला तिथे हात जोडायला जायची. ती वारली, आणि मेइलिंगला अंत्यविधी उरकल्यावर कळवलं.

"आजारी होती हेसुद्धा सांगितलं नाही. मी काळजी करेन म्हणे!" ती रडत म्हणाली.

वाऱ्याने झिजलेल्या एका बुद्धाचा फोटो तिने मोबाईलवर उघडून माझ्या मारियामाऊलीच्या तसबिरीशेजारी ठेवला. आम्ही मेणबत्ती लावली.

आई, फोनवर हिलरीदादा शेजारी असतो, म्हणून लिहितेय. तुझा खोकला गेला म्हणतो आणि विषय बदलतो. डॉक्टर काय म्हणाले, ते तूच कळव. मला अजून वेळेत येता येईल.

तुझीच,
क्लेअर