परत ठेवलेला पेला

चिंचटोला, ता. मूल
९ मे २०२५

ती. रंजीताताई यांस,
चंदाचा प्रभूच्या नावाने सलाम. वि. वि.

तुम्ही एसटीने धाडलेली चारोळी, जवस आणि तांदळाची कणी मिळाली. पार्सलचे चाळीस रुपये गेले. तेवढ्यात इथंच जवस आलं असतं, हे तुम्हाला चिडवायला लिहिते. घरात फोन एकच, तो आमच्या ह्यांनी, तुमच्या भावांनी, तुमच्याकडे नेलेला, म्हणून हा कागद.

ते तुम्हाला काही बोलले का? रविवारी आमच्या देवळात प्रभुभोजन होतं. भाकरीचा तुकडा आणि इवल्याशा पेल्यात द्राक्षरस, प्रभूच्या रक्ताची आठवण म्हणून सगळे घेतात. दारू नसते ती, मनुका उकळून रस काढतात. या खेपेला रस करायची पाळी माझी होती. गॅस वाचावा म्हणून बुधवारीच भातामागून उकळून ठेवला.

तुमच्या भावांनी पेला ओठाला लावला आणि भरलेलाच तबकात परत ठेवला. उठून बाहेर गेले. आमच्यात पेला परत ठेवणारा मनात पाप धरून आहे असंच समजतात. मंडळीतल्या आशाबाईंनी दारातच विचारलं, काऊन वं, फाट्यावरच्या दारूच्या दुकानात पुन्हा जाऊन राह्यला काय तुझा नवरा? पाळकांनीही ह्यांना तूर्त भजनाच्या ढोलकीवर बसू नका म्हटलं. हे कोणालाच काही बोलले नाहीत. मी त्यांचा सदरा हुंगला, ताई. दारू सोडल्याला इतकी वर्षं झाली, तरी पुन्हा हुंगला. त्यांनी ते पाहिलं आणि सकाळीच तुमची बस धरली.

तुमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण मोहाच्या झाडांना कोण बंदी करणार? लक्ष असू द्या.

तुमची
चंदा


कुरखेडा
१४ मे

चि. सौ. चंदास रंजीताचे आशीर्वाद.

चाळीस रुपयांचं गाऱ्हाणं वाचून हसले, पुढलं वाचून ताट बाजूला सारलं.

प्रफुल तेंदूपत्ता तोडायला जातो, पुडे बांधतो. काल बोलला. तुला सांगू नको म्हणाला, तरी सांगते. म्हणे, पेल्यात दारूच होती, बाई. तुझा रस उन्हानं आंबला होता. बाकीच्यांना आंबूस लागला असेल, याच्या जिभेनं ओळखलं. म्हणे, गिळलो असतो तं देवळातून सरळ फाट्यावर गेलो असतो. अन् तोंड उघडलं असतं तं सगळ्यायनं चंदाले खाल्लं असतं. मी म्हटलं, मग बायकोले तरी सांगाचं. तर म्हणे, तिनं सदरा हुंगला, मंग काय सांगू?

आता वाईट ते लिहिते. घोट गिळला नाही, पण तहान जागी झाली. तेंदूपत्ता मोजून घेतात त्या फडीवर सांजच्याला मोहाची दारू येते. परवा तो धावतच घरी आला आणि मला म्हणाला, बाहेरून कडी लाव. लावली. आत रडून राह्यला होता, येशू मले धर, येशू मले धर. मला तुमच्या देवाचं काही कळत नाही, पोरी. मी दाराशी बसून राहिले.

त्याला ओरडू नको. तब्येतीला जप.

तुझी
रंजीता


चिंचटोला
१९ मे

ती. ताईंना चंदाचा सलाम.

तुमचं पत्र मिळालं तेव्हा उरलेला रस घरातच होता. फेकायला जीव झाला नव्हता. झाकण काढलं तर फसफसून वर आला. वासच सांगत होता. मोरीत ओतला, बरणी राखेनं घासली. घासता घासता मनात आलं, आता कोणाला काय कळणार? हे बोलणार नाहीत, तुम्ही दूर. देवळाचा रस करायचा मान मला मोठ्या मुश्किलीनं मिळालेला, तोही राहील. शनिवारपर्यंत हेच धरून बसले. प्रार्थनेला बसले की शब्द फुटेना. शेवटी एवढंच मागितलं, प्रभू, माझं तोंड उघड.

काल उपासनेत उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कोणी मानलं नाही, ताई. आशाबाई म्हणाल्या, नवऱ्यापायी पोरगी स्वतःवर घेऊन राह्यली. तोच रस आमी पेलो, आमाले काऊन नाई चढला? मागे कोणी हसलं. बरणी दाखव म्हणाले, ती तर मीच घासून ठेवलेली. पाळक मायेनं म्हणाले, बस बाई, तुझं प्रेम दिसतं. खरं सांगून मी खोटी ठरले आणि तुमचे भाऊ मंडळीच्या लेखी दारुडेच राहिले.

त्यांना सांगा की मी उभी राहिले. गाव मानत नाही हेही सांगा, लपवू नका. सदऱ्याची माफी कागदावर मागणार नाही, समोर मागीन.

पत्त्याचा हंगाम आता सरला असेल. हाताला काम नाही आणि सांज तर रोज येणारच, त्याचंच मला भय आहे. आहे ती माया आम्हा दोघांवर ठेवा आणि उलट टपाली कळवा, त्यांनी सांभाळलं की नाही. घोट गेला असेल तर तेही लिहा, माझ्यासाठी गोड करून लिहू नका. काहीही असलं तरी पत्र येताच मी निघते.

तुमची
चंदा