बीफमध्ये मीठ बरोबर आहे का?

शुगर लँड, टेक्सास
१८ मे २००६

प्रिय नरेंद्र यास,

मनोहरचा सप्रेम आणि सध्या जरा थरथरता नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? सुलेखावहिनींच्या लोणच्याच्या कैऱ्या आल्या का? आमचं इकडे उत्तम चाललंय असं लिहिणार होतो, पण काल संध्याकाळपासून ते खरं राहिलेलं नाही. मी हादरलोय.

झालं असं, की आमचा अनीश कंपनीच्या कामाला गावाबाहेर, आमची डॉक्टर सून सुमेधा हॉस्पिटलात अडकलेली, आणि नातू कुश (वय आठ, आमटीभात दिसला की "आय अ‍ॅम नॉट हंग्री") रुसून बसलेला. त्याला हवे होते लेट्यूस रॅप्स. म्हणजे कोबीसारखं दिसणारं एक कच्चं पान घ्यायचं, त्यात परतलेला खिमा भरायचा आणि पानासकट खायचा. खिमा बीफचा. होय, बीफचाच. सुमेधानं तो सकाळीच फ्रीजमध्ये आणून ठेवला होता. तिचा फोन आला, "आई, तुम्ही हात लावू नका, मी पिझ्झा ऑर्डर करते." त्यावर शुभा म्हणाली, "पोर घरात उपाशी आणि बाहेरचं कशाला? कृती सांग."

नरेंद्र, ही शुभा म्हणजे माझीच बायको बरं का! जिनं चाळीस वर्षं अमरावतीच्या घरात अंडं येऊ दिलं नाही, जिच्या धाकानं मी दर रविवारी बुद्धिबळाच्या नावाखाली तुझ्याकडे आम्लेट खायला येतो, ती. तिनं पुरणाला खोचते तसा पदर खोचला, सुमेधाचा तवा घेतला (आपला नाही, एवढी शुद्ध राहिली होती), आलं-लसूण ठेचलं, कांदा परतला, आणि डोळ्याचं पातं न लववता तो खिमा तेलात सोडला. मी देवाचं नाव घेतलं, जे मी एरवी घेत नाही. खिमा मोकळा होईपर्यंत ती उलथन्यानं फोडत राहिली, वर सोयाबीनचा तो काळा सॉस घातला, आणि पानं धुऊन विड्याची पुसावीत तशी एकेक पुसली. पंधरा मिनिटांत सगळं तयार.

मी म्हटलं, "अगं, चाखल्याशिवाय मीठ कसं घातलंस?"

"नैवेद्याला कुठे चाखतात? हाताला अंदाज असतो," ती म्हणाली. मग एक पान भरून माझ्यापुढे धरलं. "देव कधी सांगत नाही. तुम्ही तरी सांगा, मीठ बरोबर आहे का? नरेंद्रभावजींकडे आम्लेटवर वरून मीठ मागून घेता, मग इथे सांगायला काय झालं?"

तिला माहीत होतं, नरेंद्र! सगळं माहीत होतं! आयुष्यभर चारचौघांत सुधारणेची भाषणं ठोकणारा मी, त्या पानासमोर घामाघूम झालो. शेवटी खिमा हळूच ताटलीत पाडला आणि नुसतं पान चावून खाल्लं.

"आजोबा, यू फर्गॉट द इनसाइड!" कुश ओरडला. स्वतः मात्र त्यानं पाच पानांचा चट्टामट्टा केला. शुभानं उरलेलं डब्यात भरलं, आंघोळ केली आणि जप करत बसली. मी अजून सावरलेलो नाही.

वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुझा,
मनोहर

ता. क. आम्लेटची बातमी हिच्यापर्यंत कुणी पोचवली, ते वहिनींना गोडीगुलाबीनं विचार.

ता. क. २. खरं काम हे, की आम्ही परतल्यावर आपलं रविवारचं बुद्धिबळ बंद करू नकोस. मला आता त्याची फार गरज आहे.

ता. क. ३. भावजी, मी शुभा. पत्र डकवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून दोन ओळी. यांनी काल नुसतं पान खाल्लं हे खरं. पण आज सुमेधा हॉस्पिटलात, कुश शाळेत होता, मी शेजारी गेले होते, आणि आले तर फ्रीजमधला डबा धुऊन पालथा घातलेला. लग्नापासून यांनी धुतलेलं हे पहिलं भांडं. तुम्ही फक्त यांना विचारून कळवा, मीठ बरोबर होतं का. मला अजून कुणी सांगितलेलं नाही.